माझा उपास काकूंनी धरला

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. कशी आहेस, थंडी किती आहे, वगैरे काही नाही. थेट मुद्द्यावर. "काय गं, तू म्हणे पर्यावरणाच्या विरोधात मत दिलंस?"

झालं होतं असं की आमच्या मीटिंगमधला किस्सा मी वहिनीला सांगितला होता. वहिनीने तो जेवताना दादाला सांगितला, दादाने आत्याला, आणि आत्याकडून तो आईपर्यंत पोचला तेव्हा त्याचं "तिचं विद्यापीठात मोठं भांडण झालंय, नोकरी राहते की जाते" असं झालं होतं. तेव्हा समस्त नातेवाईक मंडळी, नोकरी शाबूत आहे. भांडणही झालं नाही. मत मात्र विरोधात दिलं, ते खरं. तेरा जणांची समिती. अकरा बाजूने, एक आजारी, आणि विरोधात मी एकटी. का, ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल शेवटचा भाग वाचावा, आईबद्दल तिथे आहे.

आधी प्रस्ताव काय होता ते सांगते. मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते हे तुम्हाला माहीत आहेच. आम्हा मास्तर लोकांना विमानाने फार फिरावं लागतं. निदान आमचा तसा समज आहे. कुठे परिषद, कुठे कोणाच्या पीएचडीची तोंडी परीक्षा, कुठे दीड दिवसाचं वर्कशॉप. प्रस्ताव असा होता की विद्यापीठाच्या पैशाने होणाऱ्या प्रत्येक विमानप्रवासाचा धूर मोजायचा आणि तेवढ्या धुराचे 'कार्बन ऑफसेट' विद्यापीठाने विकत घ्यायचे. म्हणजे जगात कुठेतरी कोणीतरी तेवढाच कार्बन डायऑक्साइड वाचवायचा, पवनचक्की उभारून, झाडं लावून, नाहीतर गरिबांना चांगल्या चुली वाटून, आणि आपण त्याला त्याबद्दल पैसे द्यायचे. मग वार्षिक अहवालात विमानप्रवासाच्या रकान्यात लिहायचं, शून्य.

ऐकायला छानच आहे. बाजूने मत देणारे अकराही जण मनाने चांगले आहेत, त्यातले तिघे तर माझे मित्र आहेत. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा २०१७ साली मुंबईच्या तिकिटावर स्वतःच्या खिशातून असे पैसे भरले होते. भरल्यावर फार हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणंच मला आता खटकतं. पण त्याआधी काकूंच्या उपासाची गोष्ट सांगायला हवी.

दहावीच्या परीक्षेआधी मी नवस बोलले होते की नव्वद टक्के मिळाले तर एकवीस संकष्ट्या करीन. संकष्टी महिन्यातून एकदा येते, म्हणजे एकवीस संकष्ट्या म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, एवढा साधा हिशेब पुढे संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला तेव्हा सुचला नव्हता. मार्क मिळाले. पहिल्या दोन संकष्ट्या उत्साहात पार पडल्या. तिसऱ्या वेळी साताऱ्याचा पावसाळा, चंद्र दिसायची मारामार, घरात गरम भज्यांचा वास, आणि मी हरले. मग शेजारच्या काकूंकडे गेले. म्हटलं, काकू, माझ्या उरलेल्या संकष्ट्या तुम्ही धराल का? मी तुमचं दळण गिरणीतून आणून देत जाईन.

काकू हसल्या आणि म्हणाल्या, "धरते गं. नाहीतरी माझी चतुर्थी असतेच."

सौदा ठरला. महिनाभराने दादाला सुगावा लागला. त्याचाही कुठलासा नवस बाकी होता. त्याने काकूंसाठी रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं कबूल केलं आणि त्याच संकष्टीवर आपलंही नाव लावून घेतलं. काकूंचा उपास एक, खाती दोन, शिवाय काकूंचं स्वतःचं तिसरं! पुढे काकूंना पित्ताचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी उपास बंद करायला लावले, आणि आमच्या दोघांच्या नवसाचं दिवाळं वाजलं. मग आईला सगळं कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "उपास काकूंनी धरला, भजी तू खाल्लीस. देवाला काय हिशेब येत नाही असं वाटलं का तुला?"

कार्बन ऑफसेटवर मी गेल्या काही वर्षांत बरंच वाचलं. त्यातल्या सगळ्या अडचणी आमच्या त्या सौद्यात होत्या. एकच उपास दोघांना विकणं आलं. आज धरलेला उपास उद्या मोडणं आलं. जंगलांचं असंच होतं, २०२१ साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये बूटलेग नावाचा मोठा वणवा लागला, त्यात ऑफसेट म्हणून विकलेलं जंगल जळून गेलं. झाडं जळाली, विमानं मात्र उडून झाली होती. पण सगळ्यात मोठी अडचण काकूंच्या त्या एका वाक्यात आहे. "नाहीतरी माझी चतुर्थी असतेच."

याला मी 'नाहीतरीचा प्रश्न' म्हणते. मी पैसे दिले नसते तर काय झालं असतं? पवनचक्की उभी राहिलीच असती का? ते जंगल कोणी तोडणारच नव्हतं का? तसं असेल तर माझ्या पैशाने वातावरणातून एक ग्रॅमही कमी झालेला नाही, आणि माझ्या विमानाचा धूर मात्र खराखुरा आहे.

२०१७ च्या त्या पैशांचं मला एक प्रमाणपत्र आलं होतं. हिरवं पान, कोपऱ्यात विमान, आणि खाली प्रकल्पाचं नाव: पवनऊर्जा, महाराष्ट्र! मला केवढा आनंद झाला होता. इतक्या लांब बसून आपल्याच मातीत पैसे गेले म्हणून. मी तो कागद फ्रिजवर लावला. मग एक दिवस चहा करता करता त्याच्याकडे बघत होते आणि चाळकेवाडी आठवली. साताऱ्याकडच्या लोकांना सांगायला नको. सज्जनगडावरून पुढे ठोसेघर, आणि तिथून वर पठारावर गेलं की पवनचक्क्याच पवनचक्क्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा आम्ही डबे घेऊन बघायला गेलो होतो. त्या का उभ्या राहिल्या? तिथे वारा आहे म्हणून, आणि पवनचक्कीत पैसे गुंतवणाऱ्या कंपन्यांना घसाऱ्यावर भरघोस करसवलत मिळत होती म्हणून. माझ्यासारख्या कोणी लंडनहून तिकीट काढलं म्हणून नव्हे.

माझ्या प्रमाणपत्रावरचा प्रकल्प चाळकेवाडीचा नव्हता, हे खरं. त्याचं नावही मी इथे देत नाही, कारण त्या एका प्रकल्पाचा हिशेब माझ्याकडे नाही. पण भारतातल्या पवनचक्क्यांचा एकूण हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी केलेला आहे. क्योटो करारातून क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम नावाची योजना निघाली होती. श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या स्वच्छ प्रकल्पांकडून क्रेडिट विकत घ्यायचे, आणि तेवढा धूर स्वतःच्या हिशेबातून वजा करायचा. भारत हा त्यातला मोठा विक्रेता होता आणि महाराष्ट्रातले पवनप्रकल्पही त्यात होते. राफाएल कालेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या पवनचक्क्या तपासल्या आणि काढलं की मंजूर झालेल्या क्रेडिटपैकी किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेले, जे बहुधा नाहीतरी उभे राहणारच होते. नाहीतरी!

हा एकच अभ्यास असता तर मी गप्प बसले असते. संख्याशास्त्राच्या माणसाने एका अभ्यासावर नाचू नये. पण जर्मनीतल्या ओको इन्स्टिट्यूटने २०१६ साली युरोपियन कमिशनसाठी याच योजनेची तपासणी केली होती. त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्के प्रकल्पांत खरी आणि वाढीव बचत झाली असण्याची शक्यता कमी होती. २०२४ च्या जानेवारीत सुधारित चुलींच्या क्रेडिटवर एक अभ्यास आला, त्यात खऱ्या बचतीच्या सरासरी नऊपटींहून जास्त क्रेडिट वाटल्याचं निघालं. आणि २०२४ च्याच शेवटी नेचर कम्युनिकेशन्समध्ये वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र मोजदाद आली. जवळजवळ एक अब्ज टनांचे क्रेडिट त्यात धरले होते. त्यातले खऱ्या बचतीचे किती? सोळा टक्क्यांहून कमी.

माझ्या वर्गात शंभरातले सोळा मिळवून पास करा म्हणणारा विद्यार्थी आला तर मी त्याला प्रेमाने चहा पाजीन आणि घरी पाठवीन.

बरं, हे बाजारातल्या लोकांना माहीत नाही असंही नाही. मोठ्या नोंदणी संस्थांनी २०२० पासून भारतासारख्या देशांतल्या, ग्रिडला जोडलेल्या नव्या पवन आणि सौर प्रकल्पांना घेणं जवळपास बंदच केलं. अतिगरीब देश तेवढे ठेवले. कारण सरळ आहे. ते प्रकल्प आता आपल्या पायावर उभे राहतात, नाहीतरी होतातच.

आणि किंमत बघा. भाव सांगतो ना माल कसा आहे ते, मंडईत जाणाऱ्या कोणालाही विचारा. लंडन-मुंबई हे अंतर एका बाजूला साधारण ७,२०० किलोमीटर. जाऊन येऊन इकॉनॉमीतल्या एका माणसाच्या वाट्याला, विमानाच्या धुराच्या रेषांमुळे होणारी तापमानवाढ धरायची की नाही त्यावर, एक ते तीन टन कार्बन डायऑक्साइड येतो. भारतातल्या सरासरी माणसाच्या नावावर अख्ख्या वर्षाला साधारण दोन टन जमतात. म्हणजे मी एका खेपेत साताऱ्यातल्या एखाद्याचं वर्ष खर्च करते. आणि हे सगळं धुऊन निघायला मला खर्च आला होता कॉफी आणि दोन सँडविचइतका. हवेतून खरोखर कार्बन डायऑक्साइड ओढून जमिनीखाली पुरायचा तर आज एका टनाला कित्येक शे डॉलर पडतात. ज्या कामाला शेकड्यांनी डॉलर लागतात ते पाच-दहा डॉलरला कोणी करून देत असेल, तर ते काम होत नाहीये. काकूंचं दळण आणण्याइतक्या किमतीत नवस फिटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मीटिंगमध्येही म्हणालेच, की काहीच न करण्यापेक्षा हे बरं नाही का?

नाही. कारण हे 'काहीतरी' दुसऱ्या सगळ्याची जागा अडवून बसतं. अहवालात शून्य लिहिलं की प्रश्न संपतो. पुढच्या वर्षी कोण कशाला विचारेल की दीड दिवसाच्या वर्कशॉपला बर्लिनला विमानाने का गेलात? शून्य आहे की! आपल्याकडे म्हण आहे ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. ऑफसेटने विमानप्रवास महाग होत नाही, फक्त निर्मळ होतो, आणि निर्मळ गोष्ट माणूस जरा जास्तच करतो. मी स्वतः केली. २०१७ ला प्रमाणपत्र फ्रिजवर लावल्यावर त्याच वर्षी मी आणखी दोन परिषदांना गेले, त्यातली एक मला धड आठवतही नाही.

दुसरा मुद्दा आला की पैसे गरीब देशांत जातात, भारतात जातात, तुला तर आनंद व्हायला हवा. हा मुद्दा माझ्याकडे बघून काढला होता आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. पैसे द्यायचे तर द्या ना! चुली वाटा, झाडं लावा, शाळेवर सोलर पॅनल बसवा. त्याला देणगी म्हणतात. देणगी देऊन कोणी आपल्या पापाच्या खात्यातून तेवढी रक्कम वजा करत नाही. निदान करू नये. जी बाई चुलीवर भाकरी करते तिचा धूर कमी झाला तर तो तिचा फायदा आहे. तो तिच्याकडून विकत घेऊन माझ्या मॅड्रिडच्या परिषदेवर खर्ची घालायचा हक्क मला कोणी दिला? हवामान बिघडण्यात तिचा वाटा सगळ्यात कमी, आणि कमी करायचं कामही तिनेच करायचं, माझ्या वतीने, स्वस्तात. हा कुठला न्याय झाला?

तिसरा मुद्दा, की जगाच्या एकूण विमानप्रवासात विद्यापीठांचा वाटा तो केवढा. लहान आहे, कबूल. सगळी विमानं मिळून जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी अडीच टक्क्यांच्या आसपास भरतात, त्यात आम्ही मास्तर म्हणजे चिमूटभर. पण एकेका माणसाचा हिशेब काढला की चिमूट राहत नाही. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची २०१९ ची परिषद सॅन फ्रान्सिस्कोला झाली. सुमारे २८,००० शास्त्रज्ञ आले, त्यातले कित्येक हवामानाचेच अभ्यासक. त्यांच्या नुसत्या येण्या-जाण्याने ८०,००० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, डोक्यामागे जवळपास तीन टन. आठवडाभराची परिषद! लोक आमच्याकडे बघतात. आम्हीच त्यांना सांगतो ना, की तापमान वाढतंय, काहीतरी करा.

आणि शेवटचा, सगळ्यात गंभीर मुद्दा: फिरल्याशिवाय संशोधन होत नाही. यात तथ्य आहे, मी ते नाकारणार नाही. मला पहिली नोकरी मिळाली ती एका परिषदेतल्या चहाच्या रांगेत. पुण्याच्या एका मुलीला कोण ओळखत होतं इकडे? रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंशी बोलणं झालं, त्यांनी माझं पोस्टर बघितलं, आणि चार महिन्यांनी मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. त्या एका विमानप्रवासाचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. पण त्यानंतरच्या तीसेक प्रवासांचं तेवढंच मोल होतं का? कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाने आपल्याच ७०५ संशोधकांचा हिशेब २०१९ साली छापला. जास्त उडणारे आणि कमी उडणारे यांच्या संशोधनाच्या प्रभावात, वय आणि विषय लक्षात घेता, फरक दिसला नाही. पगार मात्र जास्त उडणाऱ्यांचे जास्त होते. आता त्यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते मी सांगणार नाही, ती माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांची परीक्षा असते :-)

म्हणजे ज्याला गरज त्याला विमान मिळत नाही, आणि ज्याला सवय लागली तो उडत राहतो. पीएचडी करणाऱ्या पोरांना वर्षाला एक परिषद मुश्किलीने मिळते, त्यातून भारतातला किंवा नायजेरियातला असेल तर व्हिसासाठी पन्नास कागद. आणि मोठे प्राध्यापक आधीच प्रसिद्ध असलेलं भाषण द्यायला चौथ्यांदा सिंगापूरला. ऑफसेट या दोघांना एकाच मापाने मोजतो. दोघांचाही धूर धुतो आणि कोणालाच काही विचारत नाही.

याच्या उलटही घडतं. २०२३ साली जियानलुका ग्रिमाल्डा नावाचे संशोधक पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर कामासाठी गेले होते. त्यांच्या जर्मन संस्थेने ताबडतोब परत यायला सांगितलं, म्हणजे विमानाने. ते म्हणाले, मी जहाजाने, बसने, रेल्वेने येईन, वेळ लागेल. त्यांची नोकरी गेली. मी त्यांच्याइतकी धीराची नाही. पण विमानाने न जाणाऱ्याला घरी बसवायचं आणि विमानाने जाणाऱ्याला हिरवं प्रमाणपत्र द्यायचं, यातून आपल्या संस्थांना खरोखर काय हवंय ते कळतं.

मग तुझं म्हणणं तरी काय, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. योग्य प्रश्न होता. माझं म्हणणं असं.

विद्यापीठाने धूर जरूर मोजावा, आणि तो आहे तेवढाच छापावा. वजाबाकी न करता. कुठल्या विभागाचा किती, प्राध्यापकांचा किती, विद्यार्थ्यांचा किती, सगळं. दर वर्षी तो थोडा थोडा कमी करायचा आणि एकूण आकड्यावर मर्यादा घालायची. त्या मर्यादेत पहिला हक्क नवख्यांचा, आणि ज्यांचं कामच लांबच्या गावात असतं त्यांचा. रेल्वेने जाता येईल तिथे रेल्वे, आणि तिकीट महाग असेल तर फरक विद्यापीठाने भरायचा. ऑफसेटला जे पैसे जाणार होते ते इथे वापरा. बढतीच्या अर्जातला 'परदेशातली निमंत्रित भाषणं' हा रकाना काढून टाका, निम्मी विमानं तिथेच उतरतील. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने २०१८ साली प्रत्येक विमानप्रवासावर स्वतःच एक पट्टी बसवली, देशातल्या प्रवासाला ९ डॉलर, परदेशच्या प्रवासाला २५ डॉलर. ती रक्कम बाहेर कोणाला न देता स्वतःच्याच आवारातला धूर कमी करायला वापरायची. माझ्या मते पट्टी फारच लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. आपल्या इमारतीतला जुना बॉयलर बदलला तर मीटर आपल्याला वाचता येतं. त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत आम्ही कार्बन न्यूट्रल होऊ, आणि त्यात ऑफसेटचाही भाग होता. त्यांच्याच लोकांनी ऑफसेट तपासले, आणि २०२३ साली विद्यापीठाने तो बेत बदलला. आता २०४५ पर्यंत स्वतःचाच धूर नव्वद टक्के कमी करायचं ठरवलंय. विद्यापीठाने असंच वागावं. तपासावं, चुकलं म्हणावं, आणि बदलावं.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एखाद्या विमान कंपनीने ऑफसेट विकले तर मी समजू शकते, तो तिचा धंदा आहे. पण विद्यापीठाचं काम काय? पुरावा मागणं. 'हे केलं नसतं तर काय झालं असतं' हा प्रश्न मी दर सोमवारी सकाळी दोन तास शिकवते. औषधाने ताप उतरला की नाहीतरी उतरणारच होता, हे कसं ओळखायचं, ते मुलांना समजावते. आणि मंगळवारी समितीत बसून मी एका अशा मालाला हात वर करायचा, ज्याच्यात नेमका तोच प्रश्न विचारलेला नाही? सोमवार आणि मंगळवारच्या मध्ये माझं शिक्षण कुठे जातं?

म्हणून मत विरोधात दिलं, दादा. पर्यावरणाच्या विरोधात नव्हे. काकूंच्या पद्धतीच्या विरोधात.

आता आईबद्दल.

मी इतकं तावातावाने लिहिलं, पण माझंही एक गुपित आहे. गेली नऊ-दहा वर्षं मी दर जानेवारीत भारतात येते ती बहुतेक वेळा कुठल्या तरी परिषदेच्या निमित्ताने. परिषद पुण्यात, आई साताऱ्यात. तीन दिवस पेपर, दहा दिवस आईच्या हातचं. तिकीट विद्यापीठाचं. नियमात सगळं बसतं, मी कधी काही लपवलं नाही. पण मी म्हणते तशी मर्यादा खरोखर आली तर सगळ्यात आधी कापला जाणारा प्रवास हाच, हे मला मत देताना पक्कं माहीत होतं. मी नवखी नाही. माझं काम पुण्यात नाही. पुण्याच्या त्या परिषदेत मी घरी बसून स्क्रीनवरून बोलले तरी कोणाचं काही अडणार नाही. २०२१ ला तसंच केलं होतं. बरं झालं होतं भाषण. चहाची रांग नव्हती, एवढं खरं, पण सांगली-सोलापूरची मुलं, ज्यांना एरवी नोंदणी फी परवडत नाही, ती ऐकायला होती.

मागच्या आठवड्यात हे मी आईला सांगितलं. म्हटलं, कदाचित पुढच्या वर्षापासून विद्यापीठाच्या खर्चाने येणं व्हायचं नाही. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे येणार नाहीस?"

येणार, आई. तुला भेटायला मी येणारच आहे. माझ्या पैशांनी येईन, दर वर्षी नाही जमलं तर दीड वर्षाने येईन, आणि आले की दहा दिवसांऐवजी महिनाभर राहीन. त्या विमानाचा धूर होईल. तो एक ते तीन टन जो काही असेल तो माझ्या नावावर लिहिलेला राहील. कुठल्या पवनचक्कीच्या किंवा कुठल्या बाईच्या चुलीच्या नावावर मी तो टाकणार नाही. तो माझ्या नावावर दिसत राहिला तरच मी सिंगापूरला नाही म्हणीन, बर्लिनला आगगाडीने जाईन. शून्य लिहिलं तर मला काही आठवणारच नाही.

पुढच्या महिन्यात प्रस्ताव सिनेटपुढे जाणार आहे. मंजूर होईल असंच दिसतंय. मी पुन्हा बोलणार आहे, दोन मिनिटं मिळतील. फ्रिजवरचा तो हिरवा कागद काढून पिशवीत ठेवलाय, सोबत नेईन म्हणते.

आणि हो, त्या एकोणीस संकष्ट्या अजून बाकी आहेत. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. परवा कॅलेंडरवर पुढची तारीख बघून ठेवलीय. इकडे चंद्रोदयाची वेळ फारच उशिराची आहे, पण बघू.